संकष्टीच्या रात्रीचे पडणे : एका आजींच्या पंधरा औषधांचे प्रकरण

गेल्या श्रावणातील संकष्टीला रात्री साडेआठच्या सुमारास वाघोटन खाडीकाठच्या एका वाडीतून ७६ वर्षांच्या आजींना त्यांच्या सूनबाई आणि एक शेजारी रिक्षातून माझ्या दवाखान्यात घेऊन आले. चंद्रोदयाची वाट पाहत आजी ओटीवर बसल्या होत्या. लघवीसाठी घाईने उठून मागीलदारी जाताना त्या पडल्या. डाव्या मनगटाला आणि कमरेला मार लागला होता, डोके वाचले होते. अंगाला दरदरून घाम होता आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तुटक येत होती. बोटातून रक्त घेऊन तपासले, तेव्हा साखर ५२ होती.

शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांतच त्या शुद्धीवर आल्यासारख्या बोलू लागल्या. झोपलेल्या स्थितीत रक्तदाब १३८/७२ होता आणि उभे करून तीन मिनिटांनी तो १०६/६० भरला. उभे राहिल्यावर वरचा दाब २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर त्या व्यक्तीच्या पडण्याचे निम्मे उत्तर तिथेच मिळालेले असते. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये हाड मोडलेले नव्हते. त्या रात्री मात्र मी त्यांना घरी सोडले नाही, कारण त्या ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेत होत्या आणि मूत्रपिंड थकलेल्या वृद्धांमध्ये या औषधामुळे उतरलेली साखर एकदा वर आली तरी पुन्हा घसरू शकते. पहाटे दोन वाजता ती खरोखरच ६४ वर आली होती.

पडलेल्या म्हाताऱ्या माणसाची जखम पाहून, इंजेक्शन देऊन, 'जपून चाला' असे सांगून घरी पाठवणे फार सोपे असते. तसे मी अनेकांच्या बाबतीत केलेले आहे. या आजींच्या बाबतीत तसे झाले नाही, याचे कारण एवढेच की सूनबाईंनी निघताना हाताला लागेल ती औषधांची पिशवी सोबत घेतली होती, आणि रात्रभर आजींच्या साखरेवर लक्ष ठेवायचे असल्याने ती पिशवी उलगडून बसायला मला वेळ होता.

पिशवीत अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. त्यांतील चार पट्ट्या कात्रीने अशा कापलेल्या होत्या की औषधाचे नाव आणि मुदत दोन्ही उडाली होती. दोन दिवसांनी मी घरी गेलो, तेव्हा देव्हाऱ्याखालच्या फडताळात आणि उशाच्या पत्र्याच्या डब्यात आणखी चार प्रकार सापडले. एकूण पंधरा. जोडगोळ्यांमधील, म्हणजे एकाच गोळीत एकत्र केलेल्या औषधांचे, घटक सुटे मोजले, तर वीसच्या आसपास औषधे रोज त्या ४६ किलो वजनाच्या शरीरात जात होती. नियमित पाच किंवा त्याहून अधिक औषधे घेणाऱ्याला बहुऔषधी रुग्ण म्हणण्याचा प्रघात आहे. या हिशेबाने आजी त्या रेषेच्या तिप्पट पुढे होत्या.

मी एक मोठा कागद घेतला आणि औषधांची नावे डाव्या बाजूला न लिहिता वर्षे आणि महिने डाव्या बाजूला लिहिले. जुन्या चिठ्ठ्या, मुंबईची फाइल, औषध दुकानाची बिले आणि सूनबाईंची स्मरणशक्ती यांच्या आधाराने कोणती गोळी केव्हा आणि कशासाठी आली हे त्यापुढे भरत गेलो. गोळ्यांची यादी वाचून काही कळले नव्हते. तीच यादी काळाच्या क्रमाने मांडल्यावर मात्र एक गोळी दुसरीला कशी ओढून आणत गेली हे दिसू लागले.

सहा वर्षांपूर्वी रक्तदाबासाठी अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम मीच सुरू केली होती. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मुलाने आजींना मुंबईला नेले. तेथील फिजिशियनांनी मधुमेह आणि लघवीतून जाणारे प्रथिन पाहून टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ यांची जोडगोळी लिहिली. हा बदल पूर्णपणे योग्य होता. पण जोडगोळीचे नाव वेगळे, रंग वेगळा, आणि जुनी चिठ्ठी गावच्या औषध दुकानात चालूच. त्यामुळे आजी सकाळी जुनी गोळी आणि रात्री नवी गोळी घेत राहिल्या. अम्लोडिपिन १० मिलिग्रॅम घ्या असे त्यांना कोणत्याही डॉक्टरने कधीही सांगितले नव्हते, तरी तीन वर्षे त्या तेवढी घेत होत्या.

अम्लोडिपिनची मात्रा वाढली की पायांना सूज येण्याचे प्रमाणही वाढते. त्या पावसाळ्यात आजींचे घोटे सुजले आणि त्या माझ्याकडे आल्या. मी पाय दाबून पाहिले आणि टॉर्सेमाइड १० लिहून दिली. हा या प्रकरणातला माझा वाटा आहे आणि तो मी लपवत नाही, कारण पुढची सगळी साखळी याच कडीला अडकलेली आहे. 'हल्ली कोणती नवीन गोळी सुरू झाली का?' एवढा एक प्रश्न मी विचारला असता, तर जुनी पट्टी बाजूला ठेवून काम भागले असते.

टॉर्सेमाइडने लघवी वाढली, रात्रीची धावपळ सुरू झाली आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. चक्कर येते म्हणून तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात सिनॅरिझिन मिळाली. लघवीची घाई होते म्हणून दुसरीकडे सोलिफेनासिन मिळाली. सोलिफेनासिनने तोंड कोरडे पडले आणि शौचास कडक होऊ लागले, म्हणून आजींनी सोनामुखीचे चूर्ण आणले. पोट साफ नाही, जेवण नको वाटते, ढेकर येतात, म्हणून रॅबेप्राझोल आणि लेव्होसुल्पिराइड यांची कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी सुरू झाली. ती पंधरा दिवसांसाठी लिहिलेली होती. प्रत्यक्षात ती चौदा महिने चालली.

या कॅप्सूलबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या भागात ती केवळ 'ॲसिडिटीची कॅप्सूल' म्हणून ओळखली जाते. लेव्होसुल्पिराइड जठर लवकर रिकामे करते, पण ते मेंदूतील डोपामिन या हालचाली सांभाळणाऱ्या रसायनाची वाटही अडवते. डोपामिन अडले की हात थरथरणे, चालीत मंदपणा, चेहऱ्यावरचे भाव हरवणे ही कंपवाताची हुबेहूब लक्षणे दिसू लागतात. सिनॅरिझिनचेही तेच आहे. आजी तर दोन्ही एकत्र घेत होत्या. कॅप्सूल सुरू झाल्यानंतर पाचव्या महिन्यात त्यांचे दोन्ही हात थरथरू लागले आणि आडाळ्यावर नारळ खवणे सुटले. पडण्याच्या आधी कधीतरी त्या मला म्हणाल्या होत्या, "डॉक्टरांनू, माजे हात माजे रवले नाय." मी ते वयाच्या खाती टाकले होते.

पुढे एका तज्ज्ञांनी कंपवात ठरवून लेव्होडोपा आणि ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू केली. त्यांच्यापुढे ठेवलेल्या चिठ्ठ्यांमध्ये पोटाची कॅप्सूल नव्हती, कारण घरच्यांच्या लेखी ती कंपवाताशी संबंध नसलेली किरकोळ गोष्ट होती. एका गोळीने डोपामिन अडवायचे आणि दुसरीने ते भरून काढायचे, अशी ओढाताण त्या शरीरात सुरू झाली. ट्रायहेक्सिफेनिडिल आणि सोलिफेनासिन या दोन्ही औषधांचा स्वभाव सारखा आहे. दोन्ही तोंड, आतडी आणि स्मरणशक्ती कोरडी करतात. आजी संध्याकाळी भ्रमिष्टासारख्या बोलू लागल्या, रात्री जाग्या राहू लागल्या, म्हणून क्लोनाझेपाम ०.५ आली. याखेरीज गुडघ्यांसाठी ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी दुकानातून थेट घेतली जात होती. त्यांखेरीज ॲस्पिरिन ७५, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन १०, कॅल्शियम आणि दिवसातून दोनदा ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन ही औषधे होती.

एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध देणे, या प्रकाराला पॉला रॉशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी नव्वदच्या दशकात औषधांच्या साखळीची उपमा देऊन वैद्यकीय लेखनात ठळक केले. संकल्पना मला वाचून ठाऊक होती. तरीही माझ्याच रुग्णाच्या बाबतीत ती ओळखायला मला आजींचे पडणे लागले. या साखळीत एकाही डॉक्टरने अनाकलनीय चूक केलेली नाही. प्रत्येकाने समोर दिसलेल्या तक्रारीला पुस्तकातले उत्तर दिले. संपूर्ण यादी मात्र कोणाचीच नव्हती, आणि ज्याची असायला हवी होती तो कुटुंबाचा डॉक्टर मीच होतो.

तपासण्या आल्या. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.४, सोडियम १३१, पोटॅशियम ५.३, तीन महिन्यांच्या साखरेचा निर्देशांक ६.२, बी-१२ कमी. क्रिएटिनिन १.४ हा आकडा वरवर पाहता फार भयावह वाटत नाही, आणि इथेच अनेकदा फसगत होते. वय, वजन आणि स्त्रीदेह धरून कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला, तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे २५ मिलिलिटर भरते. १४० मधून वय वजा करायचे, त्याला वजनाने गुणायचे, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे आणि स्त्री असल्यास ०.८५ ने गुणायचे. फोनच्या गणकयंत्रावर अर्धे मिनिट पुरते. ज्या दिवसांत क्रिएटिनिन चढउतार करत असते त्या दिवसांत हे सूत्र अंदाजापुरतेच धरावे लागते, पण निर्णयाची दिशा त्यातून मिळते. टेल्मिसार्टन, टॉर्सेमाइड आणि ॲसिक्लोफेनॅक हे तीन प्रकार एकत्र आले की मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो, आणि तो इथे बसलेला होता.

साखरेचा ६.२ हा आकडा घरच्यांना अभिमानाचा वाटत होता. ७६ वर्षांच्या, वजन उतरलेल्या, उपवास करणाऱ्या बाईसाठी तो धोक्याचा होता. अशा थकलेल्या वृद्धांमध्ये निर्देशांक ८ च्या आत राहिला तरी पुरे, असे मधुमेहाच्या आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. संकष्टीला आजी सकाळी केवळ चहा घेऊन साखरेची गोळी घेत आणि चंद्र दिसेपर्यंत पोटात काही नसे. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते, माझ्यासकट.

सगळे एकदम बंद करण्याचा मोह त्या क्षणी फार होतो. तो आवरावा लागतो. कोणती औषधे आजच थांबवायची, कोणती क्रमाने आणि कोणती पायरीपायरीने उतरवायची, याचा विचार औषध सुरू करण्याइतक्याच काळजीने करावा लागतो.

पहिल्याच दिवशी ग्लिमेपिराइड, ॲसिक्लोफेनॅक आणि टॉर्सेमाइड थांबवली. टॉर्सेमाइड थांबवण्यापूर्वी धाप, मानेच्या शिरा आणि छातीतील आवाज पाहून घेतले आणि पुढे कणकवलीला हृदयाची सोनोग्राफी करून घेतली. हृदयाचे काम व्यवस्थित होते. मेटफॉर्मिनही तात्पुरती थांबवली, कारण मूत्रपिंडाची क्षमता ३० च्या खाली असताना ती देऊ नये. जोडगोळी बाजूला ठेवून दहा दिवस फक्त साधी अम्लोडिपिन ५ दिली, कारण पोटॅशियम वर असताना टेल्मिसार्टन चालू ठेवणे मला सुरक्षित वाटले नाही. इथे एक गोष्ट ऐन वेळी लक्षात आली. आजी पडल्या म्हणून अशक्तपणा जावा यासाठी शेजारी रोज दोन-दोन शहाळी आणून देत होते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. माडांच्या गावात शहाळे नको म्हणून सांगणे अवघड जाते. तरी कारण नीट सांगितल्यावर त्या शेजाऱ्यांनीच बाकीच्यांना थोपवले आणि शहाळ्याऐवजी मऊ भाताची पेज येऊ लागली.

दहा दिवसांनी क्रिएटिनिन १.० आणि पोटॅशियम ४.६ आले. गाळण्याची क्षमता ३५ च्या आसपास आली. आता साधी अम्लोडिपिन कायमची बंद करून जोडगोळी परत सुरू केली, कारण लघवीतील प्रथिनासाठी टेल्मिसार्टनची गरज खरी होती. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, तीही जेवणानंतर, आणि उपवासाच्या दिवशी फराळानंतरच. पायांची सूज तीन आठवड्यांत कोणत्याही औषधाविना उतरली.

दुसऱ्या टप्प्यात लेव्होसुल्पिराइडची कॅप्सूल आणि सिनॅरिझिन थांबवली. त्या कॅप्सूलमधील रॅबेप्राझोलसारखे आम्लरोधक औषध एकाएकी सोडले की काही आठवडे जळजळ उसळून येते आणि रुग्ण घाबरून जुनी कॅप्सूल पुन्हा आणतो. म्हणून साधी पँटोप्राझोल महिनाभर देऊन ती उतरवली. तिसऱ्या टप्प्यात सोलिफेनासिन थांबवली. टॉर्सेमाइड गेल्यावर लघवीची घाई आधीच कमी झाली होती. ट्रायहेक्सिफेनिडिलला मी तोपर्यंत हात लावला नव्हता. कंपाचे कारण शरीरात असताना ते आधी काढले असते तर थरथर वाढली असती आणि घरच्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला असता. मूळ कारण दूर झाल्यावर पाच आठवड्यांत ते टप्प्याटप्प्याने उतरवले. लेव्होडोपा कमी करण्याचा निर्णय मी माझ्या अधिकारात घेतला नाही. संपूर्ण कालक्रम लिहून मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवला आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे मात्रा उतरवत नेली.

ॲस्पिरिनचा प्रश्न वेगळा होता. आजींना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा रक्तवाहिनीतील स्टेंट यांपैकी काहीही नव्हते. गोळी 'खबरदारी म्हणून' होती. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ निरोगी ज्येष्ठांवर झालेल्या 'ॲस्प्री' चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यांत रोजच्या ॲस्पिरिनने ज्येष्ठांचे अपंगत्वविरहित आयुष्य वाढले नाही आणि मोठा रक्तस्राव मात्र वाढला. याउलट ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांची ॲस्पिरिन अशी थांबवणे घातक ठरेल. हा फरक घरच्यांना दोनदा समजावून सांगितला, कारण वाडीत एकाची गोळी बंद झाली की दुसरा आपलीही बंद करतो.

मुंबईच्या मुलाचा फोन अपेक्षित होता. "डॉक्टर, मोठ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तुम्ही बंद करताय. उद्या आईला काही झालं तर?" हा प्रश्न अविश्वासाचा नव्हता, दूर राहणाऱ्या मुलाच्या धास्तीचा होता. मी त्यांना कालक्रमाच्या कागदाचे छायाचित्र पाठवले, प्रत्येक गोळीपुढे 'का आली', 'आज गरज आहे का' आणि 'थांबवल्यावर काय पाहायचे' हे लिहून. त्याच कागदासह मुंबईच्या फिजिशियनांनाही पत्र पाठवले. त्यांचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. साधी अम्लोडिपिन चालू असल्याची त्यांना कल्पनाच नव्हती आणि ॲस्पिरिनबाबत ते सहमत होते. आपण फोन केला तर मोठ्या शहरातील तज्ज्ञांना राग येईल, ही आम्हा गावाकडच्या डॉक्टरांची भीती बहुतेक वेळा निराधार असते.

निकषांचा आधार मी घेतला, पण त्यांच्या मर्यादेसह. अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी टाळण्यायोग्य औषधांची यादी प्रथम मांडली आणि तिची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. आयर्लंडमधील तज्ज्ञांचे 'स्टॉप-स्टार्ट' निकष २००८ चे, त्यांचीही तिसरी आवृत्ती २०२३ ची. क्लोनाझेपाम, ट्रायहेक्सिफेनिडिल, ग्लिमेपिराइड, दुखण्याच्या गोळ्या हे सारे बीअर्स यादीत सापडते. पण आजींचे हात ज्या दोन औषधांनी नेले, ती लेव्होसुल्पिराइड आणि सिनॅरिझिन अमेरिकेच्या बाजारातच नाहीत, म्हणून त्या यादीतही नाहीत. परदेशी यादीवर बोट ठेवून तपासणाऱ्या डॉक्टरच्या हातून नेमकी तीच निसटतील. आपल्याकडच्या जोडगोळ्यांचे घटक सुटे करून वाचण्याला पर्याय नाही. आयरिश निकषांचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो काय द्यायचे राहून गेले तेही विचारतो. मेटफॉर्मिन आणि आम्लरोधक दीर्घकाळ घेतल्याने उतरलेले बी-१२ आजींना कोणीच दिलेले नव्हते. ते सुरू केले. फ्लूची लस दिली. कॅल्शियम ड जीवनसत्त्वासह ठेवले, ॲटोरव्हास्टॅटिन ठेवली.

वेळेचा प्रश्न राहतोच. सकाळी साठ रुग्णांच्या रांगेत हे काम होत नाही. मी आता गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असताना अशा एकाच रुग्णाला घरातील सर्व औषधांसह बोलावतो आणि पाऊण तास त्याला देतो. सत्तरीपुढचे, पाचहून अधिक औषधांवर असलेले, नुकतेच पडलेले, गोंधळलेले किंवा रुग्णालयातून घरी आलेले रुग्ण आधी. औषध दुकानदाराला भेटून पट्टी कापताना नाव असलेली बाजू रुग्णाकडे राहील असे पाहण्याची विनंती केली, ती त्यांनी मानली. आशाताई दर पंधरा दिवसांनी आजींचा उभ्याने आणि झोपून असा दोन्ही रक्तदाब मोजून कळवतात. वरचा दाब १४५ च्या आसपास राहतो. तो १२० वर आणण्याचा हट्ट मी सोडला आहे.

पाचव्या महिन्यात हातांची थरथर थांबली. औषधांमुळे आलेला कंप सगळ्यांचाच असा परत जात नाही, आणि तशी शक्यता मी घरच्यांना आधीच सांगून ठेवली होती. होळीच्या सुमारास सूनबाईंनी सांगितले की पोळ्यांबरोबर लागणारा रस काढण्यासाठी आजी आडाळ्यावर बसल्या आणि दोन नारळ त्यांनी स्वतः खवले.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. क्लोनाझेपाम दर दोन आठवड्यांनी पाव भाग कमी करत गेलो, पण शेवटचा पाव तुकडा आजी सोडायला तयार नाहीत. तो काढला की दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून तूर्त तो तसाच ठेवला आहे. आणि गुडघे दुखतातच. पॅरासिटामॉल, शेक, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि काठी यांनी त्या चालत्या आहेत, पण भातलावणीच्या दिवसांत खळ्यावर बसून राहणे त्यांना सहन होत नाही आणि दुकानातील ती जुनी गोळी मागवण्याचा त्यांचा आग्रह दर भेटीत नव्याने होतो. पुढच्या गुरुवारी त्यांना पुन्हा बोलावले आहे, फडताळातील आणि डब्यातील सगळे घेऊन.